उजवीकडे तोंड केलेला मासा

चंद्रप्रभाबाई तांडेल रागीट होत्या, असं त्यांच्या ऑफिसातला कुणीही सांगेल. त्यांना राग कशाचा येत होता, हे मात्र कुणाला सांगता येणार नाही, कारण कुणी कधी विचारलंच नाही. बावीस वर्षं ज्या बाईच्या हातातून दिल्लीतल्या एका मंत्रालयाची सगळी डाक गेली, तिच्याबद्दल लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं की ती शिक्का जोरात मारायची.

बाई मूळच्या मालवणच्या बाजूच्या, गाबीत मच्छीमारांच्या घरातल्या. वडिलांची होडी होती आणि मासे कापायला आई होती. आईचं नाव शेवंता. शेवंताबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं. मच्छीमारांच्या सोसायटीत कागद आला की तिथला कारकून त्यांचा हात धरायचा, अंगठा पॅडवर दाबायचा आणि कागदावर टेकवायचा. विचारायचा नाही, सांगायचा नाही. एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा त्यांचा अंगठा उचलून ठेवायचा. मग शेवंताबाई घरी येईपर्यंत तो अंगठा लुगड्याला पुसत राहायच्या. शाळेत जाणाऱ्या चंद्रप्रभेने हे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्या खेपेला आईला पाटीपुढे बसवलं. पंधरा दिवसांत शेवंताबाई सही शिकल्या. पुढच्या वेळी कारकुनाने हात धरायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला आणि त्याच्या कानावरचं पेन मागितलं. चंद्रप्रभाबाईंच्या आयुष्यात त्यानंतर पुष्कळ गोष्टी घडल्या, पण त्या दुपारइतका आनंद त्यांना कशानेच झाला नाही.

मॅट्रिक झाल्या, लग्न झालं, आणि नवऱ्यामागे दिल्लीला आल्या. शांताराम तांडेल एका सरकारी वर्कशॉपमध्ये होते. शांत माणूस. रामकृष्णपुरममध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि पहिल्याच महिन्यात वरच्या मजल्यावरच्यांनी सुकटीच्या वासाबद्दल लेखी तक्रार केली. शांताराम म्हणाले, सुकट बंद करू. चंद्रप्रभाबाईंनी सुकट बंद केली नाही. त्यांनी तक्रारीला लेखी उत्तर दिलं, तारीख घालून, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवली. वरचे पुन्हा काही बोलले नाहीत, पण जिन्यात भेटले की नाकाला रुमाल लावायचे. बाई मुद्दाम सावकाश चढायच्या.

नोकरी लागली ती आवक-जावक विभागात. बाहेरून येणारं प्रत्येक पाकीट तिथे फुटायचं, आतल्या कागदावर ‘प्राप्त’ असा जांभळा शिक्का बसायचा, रजिस्टरमध्ये क्रमांक पडायचा आणि मग तो कागद ज्याचा त्याच्याकडे जायचा. हे काम कुणाला आवडत नाही. बाईंना आवडायचं. एकदा शिक्का बसला आणि क्रमांक पडला की तो कागद नव्हताच असं मंत्र्यालासुद्धा म्हणता येत नाही, ही गोष्ट त्यांना फार पसंत होती.

त्यांचे वरिष्ठ होते उल्हास रिसबूड, उपसचिव. पुण्याचे, गोड बोलणारे, दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणारे. त्यांना तिकिटं जमवायचा छंद होता, आणि छंद म्हणजे साधासुधा नव्हे. हिंदी महासागराच्या पार खालच्या टोकाला सेंट बॅसिल नावाचं एक बेट होतं. चारशे माणसं, एक चर्च, एक पोस्ट ऑफिस. मालक इंग्रज. त्या बेटाचा संसार मुख्यतः पोस्टाच्या तिकिटांवर चालायचा, आणि तिकिटांवर असायचे तिथले मासे. रिसबूडसाहेबांकडे त्या माशांचा पूर्ण संग्रह होता. सोळा पानांची एक फ्रेम, प्रत्येक पानावर एक तिकीट, खाली सुंदर अक्षरात माहिती. स्वतः साहेबांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, हाताळला नव्हता, बाजारातून जाताना ते दुसरीकडे बघत. पण तिकिटावरच्या माशाला वास येत नव्हता, त्यामुळे त्याच्यावर त्यांचं प्रेम होतं.

त्या बेटावरून मंत्रालयाला दर तीन महिन्यांनी मत्स्यव्यवसायाचं एक बुलेटिन यायचं. त्याचं पाकीट फोडलं की तिकीट कापून साहेबांकडे पाठवायचं, असा तोंडी हुकूम होता. तोंडी हुकूम चंद्रप्रभाबाईंना मान्य नसत. त्या रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘तिकीट साहेबांकडे’ असं लिहीत आणि साहेबांची आद्याक्षरं घेत. साहेब हसून आद्याक्षरं करत.

एकोणऐंशीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या पाकिटावर नवं तिकीट होतं. चपटा मासा, अंगावर निळी वर्तुळं, दोन्ही डोळे एकाच बाजूला. उजव्या कोपऱ्यात इंग्लंडच्या राणीचं डोकं. बाईंनी कात्री हातात घेतली आणि थांबल्या. तिकीट जवळ धरलं, लांब धरलं. काहीतरी चुकत होतं, आणि ते आधी त्यांच्या हातांना कळलं.

असले चपटे मासे त्यांनी लहानपणी ढिगाने सोलले होते. लेप म्हणतात तो त्यांच्यातलाच. शेवंताबाईंनी शिकवलेली रीत अशी: डोळे वर, पोट आपल्याकडे, मग तोंड आपोआप डाव्या हाताला येतं, तिथे सुरी लावायची आणि कातडं एका ओढीत शेपटापर्यंत काढायचं. तोंड उजवीकडे आलं तर तो लेप नव्हे, दुसरीच जात. भाकस नावाच्या चपट्या माशाचा नेम नसतो, तो दोन्ही बाजूंचा निघतो. पण हा निळ्या वर्तुळांचा मासा जाळ्यात कधीमधी यायचा, आणि तो डावाच. तिकिटावर मात्र पोट खाली होतं, डोळे समोर होते, आणि तोंड उजवीकडे. बाकी कुठलाही मासा उलटा छापला तर काही बिघडत नाही, त्याला दोन्हीकडे डोळा असतो. चपट्या माशाला तो एकाच बाजूला असतो, त्यामुळे त्याला फिरवलं की असा मासा समुद्रात नाहीच.

बाईंनी पाकिटातलं बुलेटिन उघडलं. आत त्याच माशाचा फोटो होता. तोंड डावीकडे.

बाई तिकीट आणि बुलेटिन घेऊन स्वतः साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, हा मासा उलटा छापलाय.”

“उलटा म्हणजे? सरळ तर दिसतोय.”

बाईंनी समजावून सांगितलं. टेबलावर पालथा हात ठेवून दाखवलं, सुरी कुठे लावतात ते दाखवलं, फोटो दाखवला. राणीकडे माशाची पाठ नको म्हणून चित्र काढणाऱ्याने फिरवला असेल, असंही म्हणाल्या.

“चंद्रप्रभाबाई, हे लंडनला छापलंय,” साहेब म्हणाले. “त्यांच्याकडे शास्त्रज्ञ असतात हो.”

“असतील. मासा उलटा आहे.”

“अच्छा, हे तुम्हाला शिकवलं कुणी?”

“आईनं. शेवंता तिचं नाव.”

“वा. फारच इंटरेस्टिंग,” साहेब म्हणाले आणि तिकीट ड्रॉवरमध्ये टाकलं.

बाई जागेवर आल्या. रजिस्टरमध्ये त्यांनी नेहमीचा शेरा लिहिला आणि पुढे एक ओळ जास्त लिहिली: ‘तिकिटावरील मासा उलट्या बाजूने छापला आहे, बुलेटिन पान नऊ पाहावे. सी. तांडेल.’ संध्याकाळी रजिस्टर साहेबांकडे गेलं तेव्हा साहेबांनी न वाचता आद्याक्षरं केली. बाईंना राग आला, पण तो रोजच्यातला होता.

अडीच वर्षं गेली. दर वर्षी चौदा जानेवारीला दिल्लीची मराठी मंडळी बस करून पानिपतला जात, काला अंबच्या युद्धस्मारकाला फुलं वाहत, पराभवाची आठवण काढत आणि परतीच्या वाटेवर तिळगूळ खात गाणी म्हणत. ब्याऐंशी साली चंद्रप्रभाबाई आणि शांताराम पाचव्या रांगेत होते. बाहेर धुकं इतकं की ड्रायव्हर जपून चालवत होता, म्हणून वेळ काढायला कुणीतरी माइक रिसबूडसाहेबांच्या हातात दिला. साहेबांच्या फ्रेमला नुकतंच दिल्लीच्या तिकीट प्रदर्शनात रौप्यपदक मिळालं होतं.

“पदक मिळालं ते एका पानामुळे,” साहेब सांगू लागले. “मी कोकणात गेलो होतो. किनाऱ्यावर एक कोळीण बसली होती, मासे विकत. अगदी अडाणी हो, पण काय डोळे. मी सहज खिशातलं तिकीट दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, सायबा, तुझा मासा उलटा हाय.”

बस हसली. टाळ्या पडल्या. चंद्रप्रभाबाईंच्या मांडीवर तिळगुळाचा डबा होता, त्यांनी त्याचं झाकण लावलं. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, हे त्यांना पायापासून डोक्यापर्यंत कळलं. अडाणी. कोळीण. हाय. बाई कोळीण नव्हत्या, गाबीत होत्या, आणि हा फरक साहेबांना कुणी शिकवला नव्हता; पण अपर डिव्हिजन क्लार्क म्हणजे काय हे तर त्यांना ठाऊक होतं. हा माणूस रोज सकाळी त्यांच्या टेबलावरून जाताना नमस्कार घेत होता. आणि चोरायचंच होतं तर सरळ चोरायचं, स्वतःच्या नावावर घ्यायचं. तेवढीही हिंमत नाही. आपलं ज्ञान घेतलं आणि वर आपलीच गंमत करून बसभर वाटली.

“जाऊ दे ना,” शांताराम हळूच म्हणाले. “तुला काय मेडल हवंय?”

“मेडल नकोय. त्या पानावर नाव हवंय.”

“नावाने काय होणार?”

“माझं आहे ते,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि त्या पानावर आपलं नाव मागितलं. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. “अहो, नाव घातलं असतं हो, बिल्कुल घातलं असतं. पण परीक्षकांना कथा लागते. आवक-जावक विभागातली क्लार्क म्हटलं की मजा जाते. कोळीण म्हटलं की कसा समुद्र दिसतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी बघू.”

पुढच्या वेळी बघू हे शब्द बाईंनी सरकारी नोकरीत इतक्यांदा ऐकले होते की त्यांचा अर्थ बाईंना वेगळा शोधावा लागला नाही. चहा तसाच ठेवून त्या उठल्या. त्यानंतरचे चार महिने शिक्क्याचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचा. मासा दिसला की राग यायचा, म्हणून त्यांनी गोल मार्केटच्या मासळीबाजारात जाणंसुद्धा सोडलं.

मे महिन्यात साहेबांच्या फ्रेमची परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनासाठी निवड झाली. तिथले परीक्षक काटेकोर. त्यांनी लिहिलं की माशाबद्दलचा दावा महत्त्वाचा आहे, तेव्हा ज्या स्त्रीने तो प्रथम सांगितला तिचं नावासह निवेदन जोडावं, नाहीतर ते पान मोजलं जाणार नाही.

दुपारी लंचच्या वेळी, बाकी सगळे कॅन्टीनला गेलेले असताना, रिसबूडसाहेब स्वतः आवक-जावक विभागात आले. असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. कूलर घरघरत होता. साहेबांनी चंद्रप्रभाबाईंसमोर टाइप केलेला एक कागद ठेवला आणि त्यांच्याच टेबलावरचं जांभळ्या शाईचं पॅड उघडून कागदाशेजारी सरकवलं.

“छोटंसं काम आहे. अर्धा मिनिट.”

बाईंनी कागद वाचला. मंत्रालयाचाच कागद, मंत्रालयाच्याच टाइपरायटरवर, इंग्रजीत. मी, शेवंता, वय अंदाजे साठ, मासे विकणारी, राहणार मालवण, मला लिहितावाचता येत नाही, श्री. रिसबूड यांनी दाखवलेल्या तिकिटावरील मासा उलटा असल्याचं मी त्यांना सांगितलं. खाली एक चौकोन आखला होता. चौकोनाखाली लिहिलं होतं: डाव्या हाताचा अंगठा.

“शेवंता,” बाई म्हणाल्या.

“तुमच्या आईंचंच नाव घातलं, मुद्दाम,” साहेब म्हणाले. “म्हटलं, त्यांचाही मान राहील. आता त्या नाहीत, म्हणून तुम्ही लावा. बाईचा अंगठा हवा, बस. घरी बायकोला, कुमुदला, विचारलं तर ती उगाच चिडली.”

बाईंनी कागद पुन्हा वाचला. अंदाजे साठ. लिहितावाचता येत नाही. त्यांना सोसायटीतला तो कारकून दिसला, आईचा ओढलेला हात दिसला, लुगड्याला पुसला जाणारा अंगठा दिसला. पाटीवर पंधरा दिवस गिरवलेली तीन अक्षरं दिसली. मेलेल्या बाईच्या हातातलं पेन काढून घेऊन हा माणूस तिला पुन्हा अंगठा लावायला बसवत होता, आणि वर त्याला मान म्हणत होता. रागाने बाईंचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले याचा त्यांना आणखी राग आला.

त्यांनी पॅड जवळ ओढलं. साहेबांना हायसं वाटलं. मग बाईंनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, पॅडवर दाबला आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात हाणला. ‘प्राप्त’. खाली तारीख. मग रजिस्टर उघडून क्रमांक टाकला, तोच क्रमांक शिक्क्यात लिहिला, आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं: ‘उपसचिवांनी मयत व्यक्तीच्या नावे तयार केलेले निवेदन, अंगठ्यासाठी.’

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “चंद्रप्रभाबाई, काय करताय हे? हे खासगी आहे.”

“कागद सरकारी आहे. पॅड सरकारी आहे. वेळ सरकारी आहे.”

“ती ओळ खोडा. प्लीज.”

“रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही, असं तुमचंच सर्क्युलर आहे.”

“हे वर गेलं तर काय होईल, कळतंय का तुम्हाला?”

“बावीस वर्षं सगळं मीच वर पाठवते, साहेब.”

बाई उठल्या, मागच्या कपाटाशी गेल्या आणि एकोणऐंशीचं रजिस्टर घेऊन आल्या. ऑगस्टचं पान त्यांना शोधावं लागलं नाही. बोट ठेवून त्यांनी ओळ दाखवली. मासा उलट्या बाजूने छापला आहे. सी. तांडेल. आणि शेजारी, साहेबांच्या निळ्या शाईत, साहेबांची आद्याक्षरं. साहेब खाली वाकले आणि आपली आद्याक्षरं बघत राहिले. ती ओळ त्यांनी पहिल्यांदाच वाचली.

“काय हवंय तुम्हाला?” ते शेवटी म्हणाले. आवाजातली साखर गेली होती.

“काय हवंय ते जानेवारीतच सांगितलंय.” बाईंनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. “बसा. मी सांगते, तुम्ही लिहा. टाइप नको, तुमच्या हाताने. दोन कागद जातील, एक परीक्षकांना, आणि त्याची प्रत ह्या क्रमांकावर फाइलला. मग तो क्रमांक निकाली निघाला, असं मी लिहीन.”

साहेब उभेच राहिले. कॉरिडॉरमध्ये लंचवरून परतणाऱ्यांची पावलं वाजायला लागली. ते शिपायाच्या स्टुलावर बसले, कारण तिथे दुसरं काही नव्हतं.

बाईंनी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. हा दोष चौदा ऑगस्ट एकोणीसशे एकोणऐंशी रोजी श्रीमती चंद्रप्रभा शांताराम तांडेल, अपर डिव्हिजन क्लार्क, यांनी प्रथम दाखवला आणि मला लेखी कळवला. मी त्या वेळी तो मानला नाही. किनाऱ्यावरची कोळीण मी कल्पिलेली आहे. मासा ओळखण्याची रीत श्रीमती तांडेल यांना त्यांच्या आई शेवंता यांनी शिकवली.

“शेवंता यांनी,” बाई म्हणाल्या, “स्वल्पविराम, ज्या स्वतःची सही करत असत.”

साहेबांनी मान वर केली. “हे कशाला? त्याचा इथे काय संबंध?”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं. तोवर विभागातली माणसं दारात येऊन थांबली होती. उपसचिव स्टुलावर बसून लिहिताहेत आणि तांडेलबाई उभ्या राहून सांगताहेत, हे पाहून कुणाचा पाय आत पडेना. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. कागदाच्या तळाशी नावासाठी जागा उरली होती. त्यांनी खिसा चाचपला, शाईचं पेन हातातच आहे हे विसरून.

चंद्रप्रभाबाईंनी जांभळं पॅड उचललं आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं.

“सही करा,” त्या म्हणाल्या. “येत नसेल तर अंगठाही चालेल. मी धरते हात.”

साहेबांनी सही केली.